जन्माचा शोध आणि धम्म



आपण बौद्ध झालो तेव्हा जन्माचा मोठेपणा टाकून दिला. माणूस जन्माने श्रेष्ठ होत नाही आणि जन्माने नीचही होत नाही, तो आपल्या कर्माने ठरतो, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो व मुलांना सांगतो. मग आपल्याच घरात वाढलेल्या दत्तक मुलाने किंवा मुलीने एके दिवशी विचारले, "मला जन्म देणारी कोण?" तर काय उत्तर द्यावे? पुष्कळ घरांत हा प्रश्न ऐकताच आईबाप घाबरतात. "आम्ही काय कमी केलं?" म्हणून आई डोळ्याला पदर लावते. शेजारचा कोणी शहाणा धम्माचाच आधार घेऊन म्हणतो, "बौद्धाला जन्माशी काय कर्तव्य?" हा आक्षेप वरवर खरा वाटतो, म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

हा प्रश्न नवा नाही. विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आहे. राजगृहातील सालवती नावाच्या गणिकेला मुलगा झाला. तिने दासीकरवी ते मूल जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकविले. तिकडून जाणाऱ्या अभय राजकुमाराने कावळे जमलेले पाहिले, मूल जिवंत आहे असे कळताच ते वाड्यात आणविले आणि वाढविले. जिवंत राहिला म्हणून जीवक. समज आल्यावर त्याने विचारले, माझी आई कोण, बाप कोण? अभयाने सांगितले की तुझी आई मला ठाऊक नाही, पण मी तुला वाढविले, म्हणून मी तुझा बाप आहे.

या उत्तरात दोन गोष्टी आहेत, त्या लक्षात घ्या. अभयाने खोटी आई उभी केली नाही आणि स्वतःचे बापपणही सोडले नाही. प्रश्न विचारला म्हणून तो मुलावर रागावला नाही. पुढे जीवक तक्षशिलेला जाऊन वैद्यकी शिकला आणि भगवान बुद्धांचा व भिक्खुसंघाचा वैद्य झाला. पहिली मोठी कमाई त्याने अभयापुढेच आणून ठेवली. खरे ऐकल्याने त्याची माया आटली नाही.

आता आपल्या घराकडे वळू. जुन्या समाजात दत्तक कशासाठी घेत? पिंडाला अधिकारी पाहिजे, वंश चालला पाहिजे, म्हणून. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडले आहे. तेव्हा बौद्ध कुटुंब मूल दत्तक घेते ते मैत्री आणि करुणेने. ज्याला पिंडाची गरज नाही त्याला मुलाचे मूळ लपविण्याचीही गरज नाही. लपवायचे म्हणजे रोज खोटे बोलायचे, आणि पंचशीलातील चौथे शील आपण कोणासाठी घेतो? घरातल्या मुलाशी खोटे बोललेले चालते, असे त्यात कुठेही नाही.

"पण जन्माची नोंद शोधणे म्हणजे पुन्हा जन्माला किंमत देणे नव्हे काय?" याचे उत्तर आपल्या रोजच्या अनुभवात आहे. जातीचा दाखला आणि त्याची वैधता काढताना आपण काय करतो? १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो म्हणून अकोला-अमरावतीकडचे आपले लोक तहसील कचेरीत पणजोबाची कोतवाल बुकातील नक्कल काढतात आणि जुन्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टर उघडायला लावतात. त्यात जी जात लिहिली आहे ती आपण मानत नाही. तरी नोंद शोधतो, कारण तिच्यावर आपला हक्क उभा आहे. नोंद शोधणारा जात मानतो असे आपण म्हणत नाही, तर आई शोधणारा जन्माचा अभिमानी झाला असे कसे म्हणता येईल? जन्मावरून माणसाची किंमत ठरविणे हे धम्माविरुद्ध आहे. आपल्याविषयीचे सत्य जाणणे हे धम्माविरुद्ध नाही.

शिवाय व्यवहाराचीही कारणे आहेत. १९५६ चा दत्तकाचा कायदा नावाने हिंदू असला तरी बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे दत्तक झाल्यावर जन्मघराचे नाते कायद्याने तुटते, पण लग्नाच्या बाबतीत जन्मघरातील निषिद्ध नाती तशीच राहतात. दुसरे, विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. रक्ततपासणी तर दत्तक मुलाने लग्नाआधी करावीच, पण जन्मघरचा आजार ठाऊक असला तर सावध राहता येते.

मग नोंद कुठे शोधावी? दत्तक कोणत्या रीतीने झाले ते आधी पाहावे. आपल्याकडे पुष्कळदा भावाचे मूल भाऊ घेतो, बहिणीचे बहीण घेते. त्या कायद्याला दत्तहोम लागत नाही, मूल प्रत्यक्ष देणे-घेणे लागते. दत्तकपत्र नोंदविले असेल तर ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात असते आणि त्याची प्रमाणित नक्कल मागता येते. त्यात देणारा व घेणारा दोघांच्या सह्या असतात. कागद झालाच नसेल, तर ज्या गावी किंवा दवाखान्यात जन्म झाला तेथील ग्रामपंचायत, नगरपरिषद वा महानगरपालिकेचे जन्मनोंद रजिस्टर पाहावे, जुनी नोंद असेल तर कोतवाल बुक पाहावे, पहिल्या शाळेतील दाखल-खारीज पाहावे. आणि घरातील म्हातारी माणसे जिवंत आहेत तोवर त्यांना विचारावे. ती नोंद कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

संस्थेतून दत्तक झाले असेल तर वाट वेगळी आहे. २०२२ च्या दत्तक विनियमांत मूळ शोधण्याची तरतूद आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तकाने स्वतः अर्ज करावा, त्याहून लहान असेल तर दत्तक आईबापांनी त्याच्यासोबत करावा. अर्ज ज्या संस्थेने मूल दिले तिच्याकडे किंवा केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे करता येतो. वाट सापडत नसेल तर जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारावे. दत्तकाचा हुकूम पूर्वी न्यायालय देत असे, सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. तेव्हा जुन्या प्रकरणाचा कागद न्यायालयातही असू शकतो. तिऱ्हाईत माणसाला दुसऱ्याच्या वतीने असा शोध घेता येत नाही, म्हणून पैसे घेऊन आई शोधून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

ही वाट सोपी झाली आहे असे मात्र समजू नका. पुण्यात १९७३ साली जन्मलेले आणि जर्मनीत वाढलेले अरुण डोहले आपल्या कागदांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, तेव्हा २०१० साली त्यांची आईशी भेट झाली. १९८५ साली नागपुरात जन्मलेले आणि पुढे नेदरलँड्समध्ये महापौर झालेले फाल्गुन बिन्नेंडाइक आईच्या शोधात नागपूरला येऊन गेले. मान मिळाला, पद मिळाले, तरी प्रश्न संपला नाही.

आता दुसरी बाजू पाहू, कारण एकच बाजू पाहणे हा धम्म नव्हे. जिने मूल सोपविले तिचे काय? कदाचित ती तेव्हा अविवाहित होती. समाजाने पुरुषाला विचारले नाही आणि तिलाच दोष दिला. आज ती एखाद्या गावी संसारात असेल, घरी कोणाला काही ठाऊक नसेल. एक पत्र, दाराशी आलेला एक माणूस, एवढ्यानेही तिचे घर उद्ध्वस्त होऊ शकते. म्हणून नियम असा आहे की दत्तकाचा हक्क जन्मदात्रीच्या खाजगीपणावर घाला घालणार नाही. तिने नाव गुप्त ठेवा म्हटले असेल तर आधी तिची संमती घ्यावी लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तर मूल का व कोणत्या परिस्थितीत सोपविले एवढे तरी सांगितले जाते. ज्या अभयाने जीवकाला वाढविले, त्याच अभयाला तथागतांनी सांगितले होते की बोलणे खरे आणि हिताचे असले तरी तथागत ते बोलण्याची वेळ पाहतात. सत्य जाणण्याचा हक्क मुलाचा आहे, पण भेटीचे दार उघडायचे की नाही ते त्या बाईनेच ठरवायचे. यात मुलाला दुःख होईल. ते सोसताना त्याच्यासोबत कोणी तरी असले पाहिजे, आणि ते काम वाढविणाऱ्या आईबापांचे आहे.

आणि जिथे नोंदच नाही तिथे? अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर, रेल्वे स्थानकावर सापडलेली अपंग, बेवारस मुले सांभाळली आणि त्यांना बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. त्यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच साली, जळगावच्या रेल्वे स्थानकावर सापडलेली त्यांची एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्यासाठी उघडावे असे कोणतेही रजिस्टर नाही, तरी तिचे कर्तृत्व कोणाहून उणे ठरत नाही. नोंद मिळाली तर सत्य कळते, न मिळाली तर माणूस कमी होत नाही. या दोन्ही गोष्टी मुलाला सांगता आल्या पाहिजेत.

म्हणून ज्या घरी दत्तक मूल आहे त्या आईबापांना एवढेच सांगणे आहे. मुलाला लहानपणापासून, त्याला समजेल तसे, खरे सांगा. लग्नात कोणी टोमणा मारल्यावर किंवा शेतीच्या वाटणीच्या भांडणात त्याला ते कळू देऊ नका. दत्तकपत्र, संस्थेचा कागद, हुकूम, दाखला एका पिशवीत जपून ठेवा आणि ती कुठे आहे ते त्याला सांगा. त्याने अर्ज करायचे ठरविले तर कचेरीत त्याच्यासोबत जा. आपल्या पोरासोबत मागच्या नोंदी शोधत कचेरीची पायरी चढणे आपल्याला नवीन नाही.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.