ज्ञानकोशातील नोंद आणि साक्षीचा प्रश्न

अमेरिकेतील महाविद्यालयांत ‘फ्रॅटर्निटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटना दोन शतकांहून अधिक काळ चालत आल्या असून, ग्रीक अक्षरांचे नाव, नव्या सभासदाला दिली जाणारी दीक्षा, बाहेर न फोडायच्या खुणा आणि बहुधा एकत्र राहण्याचे घर ही त्यांची ठळक लक्षणे होत. ज्या संघटना एकाच महाविद्यालयापुरत्या राहतात आणि कोणत्याही राष्ट्रीय संघाशी जोडलेल्या नसतात, त्यांना ‘स्थानिक’ म्हणतात. अशा मूठभर सभासदांच्या संघटनेला ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद मिळावी काय, हा प्रश्न वरवर संपादकीय सोयीचा दिसला, तरी मुळात तो प्रमाणशास्त्राचा, म्हणजे कोणते ज्ञान कशाच्या आधारावर ग्राह्य मानायचे याचा आहे.

आकार हा निकष येथे टिकत नाही. ‘फाय बीटा कॅपा’ ही संस्था १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झाली, तेव्हा तीही स्थानिकच होती. येल आणि हार्वर्ड येथील तिच्या शाखा त्यानंतर चार-पाच वर्षांनी निघाल्या. उलट १८३२ मध्ये येलमध्ये सुरू झालेली ‘स्कल अँड बोन्स’ ही गुप्त मंडळी आजही त्या एकाच विद्यापीठाची आहे, पण विल्यम टाफ्ट आणि दोन्ही बुश हे राष्ट्राध्यक्ष तिचे सभासद असल्यामुळे तिच्याविषयी बाहेरच्यांनी विपुल लिहिले आहे.

म्हणजे खरा निकष आकाराचा नसून बाहेरच्या साक्षीचा आहे. न्यायदर्शनात शब्द, म्हणजे दुसऱ्याचे वचन, हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. मात्र ते वचन आप्ताचे असावे लागते, आणि आप्त म्हणजे वस्तू प्रत्यक्ष जाणणारा व ती जशी आहे तशी सांगू इच्छिणारा. या दोन अटी गुप्त संघटनेच्या बाबतीत क्वचितच एकत्र येतात, कारण ज्याला आतले ठाऊक आहे तो न सांगण्याच्या शपथेने बांधलेला असतो आणि जो सांगायला मोकळा आहे त्याला आतले ठाऊक नसते. मग हाती उरते ते संघटनेने स्वतःविषयी जे उघड करायचे ठरवले तेवढेच: स्थापनेचे वर्ष, बोधचिन्ह, पदाधिकाऱ्यांची यादी. ही माहिती खोटी असेलच असे नाही. पण तिला तपासणारा दुसरा साक्षीदार नाही, आणि कोशाचा वाचक तर ती तपासलेली आहे असे गृहीत धरूनच वाचतो.

या भूमिकेवरचा गंभीर आक्षेप असा की, बाहेरची साक्ष ज्यांच्याकडे समाजाचे लक्ष आधीपासून असते त्यांनाच मिळते. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ मध्ये सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली, ती गोऱ्यांच्या संघटनांची दारे त्यांना बंद असताना. त्या वर्षी तिची दखल घेणारे फारच थोडे होते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणे अन्यायाचे होईल. तथापि त्याचा रोख कोशापेक्षा संशोधनावर जातो: ज्यांची दखल घेतली गेली नाही त्यांची पत्रे, सभांची इतिवृत्ते आणि हयात सभासदांच्या आठवणी गोळा करून आधी त्यांचा इतिहास लिहिला गेला पाहिजे, कारण कोश संशोधनाच्या मागून चालतो आणि पुढे धावू लागला की ऐकीव गोष्टींना प्रतिष्ठा देऊन बसतो.

शिवाय नोंद नाकारणे म्हणजे त्या तरुणांच्या मैत्रीचे मोल नाकारणे, असा अर्थ काढण्याचे कारण नाही. माणसाच्या आयुष्यात जे जिव्हाळ्याचे असते त्यातले बहुतेक कोणत्याच कोशात नसते. म्हणून जिच्याविषयी स्वतःच्या कागदांपलीकडे काही उपलब्ध नाही, अशा स्थानिक फ्रॅटर्निटीला स्वतंत्र नोंद देऊ नये, तिचा उल्लेख तिच्या महाविद्यालयाच्या नोंदीत करावा. आणि बाहेरची विश्वसनीय साक्ष मिळाली, तर सभासद दहा असोत की दहा हजार, नोंद नाकारू नये.