जपून ठेवायचं की जपून उडवायचं?

मराठीत ‘जपणं’ या एकाच क्रियापदाला आपण दोन उलटी कामं लावली आहेत. ‘हे जपून ठेव’ म्हणजे वापरू नकोस, कपाटात असू दे. ‘हे जपून वापर’ म्हणजे खुशाल वापर, पण भान ठेव. घरातल्या काचेच्या कपबशांबद्दल दोन्ही वाक्यं एकाच दिवशी एकाच तोंडून ऐकू येतात आणि कुणाला काही वावगं वाटत नाही. कपबशी फुटली तर दुसरी येते.

पण वस्तू ऐंशी वर्षं जुनी असेल, तशा मोजक्याच उरल्या असतील आणि तिचं काम हवेत उडणं हे असेल, तर? तिला जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

या प्रश्नाची दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी पाहायची असतील तर केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला जावं. नोकरीनिमित्त मी त्या भागात राहते. गेल्या उन्हाळ्यात एक अख्खा दिवस तिथे काढला. डक्सफर्ड हे ब्रिटिश हवाई दलाचं जुनं ठाणं. स्पिटफायर ही लढाऊ विमानं १९३८ मध्ये पहिल्यांदा सेवेत आली ती इथल्याच १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. आता तिथे इम्पीरियल वॉर म्युझियमचं विमान संग्रहालय आहे. पण धावपट्टी बंद झालेली नाही. एका हँगरमध्ये विमानं कायमची थांबलेली आहेत, तर पलीकडच्या हँगरमधून तितकीच जुनी विमानं बाहेर काढून, पेट्रोल भरून उडवली जातात.

थांबलेल्यांमध्ये एक काँकर्ड आहे. चाचण्यांसाठी बांधलेलं हे विमान १९७७ च्या ऑगस्टमध्ये इथे उतरलं. तेव्हा घाई होती, कारण एम११ हा महामार्ग होणार होता आणि त्यासाठी धावपट्टी तोडून आखूड केली जाणार होती. त्यानंतर एवढं मोठं विमान इथून उडणं शक्यच नव्हतं. म्हणजे ते उतरलं तेव्हाच त्याचा प्रवास संपला होता. आज आपण त्याच्या आत शिरून चालू शकतो. सगळं जागच्या जागी आहे.

उडणाऱ्यांमधल्या एका स्पिटफायरची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचा क्रमांक एन३२००. मे १९४० मध्ये डंकर्कच्या लढाईत ते डक्सफर्डच्या स्क्वाड्रन लीडर जेफ्री स्टीफनसन यांच्या हाती होतं. मार लागल्यावर त्यांनी ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर, कॅलेजवळच्या वाळूत उतरवलं. ते स्वतः जर्मनांच्या कैदेत गेले आणि विमान हळूहळू वाळूत गडप झालं. १९८६ मध्ये त्याचे अवशेष बाहेर काढले गेले. अनेक वर्षांच्या कामानंतर २०१४ मध्ये ते पुन्हा उडालं आणि २०१५ मध्ये संग्रहालयाला भेट मिळालं. संग्रहालयात येऊनही ते छताला टांगलं गेलं नाही, उडत राहिलं.

हे ऐकल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की शेहेचाळीस वर्षं खाऱ्या वाळूत पडलेल्या विमानातलं किती धातूकाम आज हवेत असेल? पत्रा नवा, तारा नव्या, असंख्य रिबिटं नवी. मग ‘हेच ते विमान’ असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? एकेक फळी बदलत गेलेल्या थिसियसच्या जहाजाचं कोडं ग्रीकांनी आपल्यासाठी ठेवलेलंच आहे. संग्रहालयांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच आहे. जुनं विमान हा पुरावा असतो. कुणी कोणत्या घाईत कुठे ठोकलं, कोणता रंग फासला, हे त्या मूळ पत्र्यावर लिहिलेलं असतं. विमान उडवायचं तर सुरक्षेसाठी जुने भाग काढावेच लागतात, आणि प्रत्येक बदलाबरोबर पुराव्याची एक ओळ पुसली जाते.

शिवाय विमान पडू शकतं. जुलै १९९६ मध्ये मँचेस्टरजवळच्या बार्टनला एका प्रदर्शनात मॉस्किटो जातीचं लाकडी विमान कोसळलं. त्यातले दोघेही गेले. उडण्याच्या स्थितीत असलेलं जगातलं ते शेवटचं मॉस्किटो होतं. ते हँगरमध्ये ठेवलं असतं तर आज विमानही असतं आणि ती दोन माणसंही.

असं असताना कुणी विमान उडवावंच का?

एका हँगरच्या दाराशी एक निवृत्त गृहस्थ पंखाच्या सांगाड्यावर कापड शिवत बसले होते. जुन्या विमानांचे पंख म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. ते आतल्या फासळ्यांना दोऱ्यानं शिवून टाकतात, मग त्यावर लेप देऊन ताठ करतात. मी त्यांना विचारलं, “विमान उडणारच नसतं, तर तुम्ही असंच शिवलं असतं का?” त्यांनी सुई थांबवली नाही. “लांबून बरं दिसेल एवढंच शिवलं असतं,” म्हणाले. त्यांच्या शेजारी विशीतली एक मुलगी गाठी मारायला शिकत होती. तिची एक गाठ त्यांनी सोडायला लावली.

मी मूळची मिरजेची. आमच्याकडे तंबोरे बनतात. न वाजवता ठेवलेला तंबोरा बिघडतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वाजवून वाजवून तारेखाली घोडी झिजते, आवाज बसतो, मग कारागिराकडे नेऊन जवारी काढून घ्यायची. घोडी थोडी घासली जाते आणि तंबोरा पुन्हा बोलतो. किती मूळ लाकूड उरलं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तंबोरा वाजत राहिला म्हणून जवारी काढणारे हात राहिले. तंबोरे काचेमागे गेले असते, तर आधी गाणं थांबलं असतं आणि मग ते हातही गेले असते.

डक्सफर्डला जपलं जातं ते हेच. विमान उभं राहिलं की त्याचा आकार उरतो. पण इंजिन गार असताना कसं चालू करायचं, कोणता आवाज बरा आणि कोणता वाईट, कापड किती ताणायचं, हे सगळं माणसांच्या हातात असतं आणि त्यांच्याबरोबर जातं. मॉस्किटोचंही शेवटी असंच झालं. बार्टनच्या अपघातानंतर सोळा वर्षं एकही मॉस्किटो उडालं नव्हतं. २०१२ मध्ये न्यूझीलंडमध्ये एक उडालं. त्यासाठी लाकडाचे पातळ थर साच्यावर चिकटवून विमानाचं धड बनवण्याची जुनी विद्या कुणीतरी नव्यानं शिकून घेतली होती. शिकण्याचं कारण एकच, ते उडवायचं होतं.

त्या दुपारी मी टायगर मॉथमध्ये बसले. उडण्याच्या धड्याचे पैसे आधीच भरले होते. टायगर मॉथ हे दोन पंखी, उघडं विमान. १९३१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि पुढे ८,००० हून जास्त बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धातले कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. १३० अश्वशक्तीचं इंजिन, चाकांना ब्रेक नाहीत, पंखा हातानं फिरवून सुरू करायचा. मी पुढच्या खळग्यात, शिक्षक मागच्या. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, कानात फक्त आवाज.

वर गेल्यावर थोड्या वेळानं ते म्हणाले, “यू हॅव कंट्रोल.” मला आधी शिकवलं होतं त्याप्रमाणे मी म्हणाले, “आय हॅव कंट्रोल.” त्यांनी पुन्हा तेच वाक्य उच्चारून पक्कं केलं. हा शिष्टाचार वाटतो, पण त्यामागे अनुभव आहे. दोन्ही खळग्यांत दांडी असते आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. दोघांनी एकाच वेळी धरली तर ओढाताण होते, आणि ‘दुसऱ्यानं धरली असेल’ असं दोघांना वाटलं तर विमान कुणाच्याच हाती नसतं. म्हणून प्रत्येक क्षणी ते कुणाचं आहे हे मोठ्यानं सांगायचं आणि समोरच्यानं ते मोठ्यानं घ्यायचं. आपल्याकडे घराघरांत जबाबदाऱ्या दिल्या जातात, पण दांडीवरचा हात काही निघत नाही. ‘तुझा निर्णय तूच घे’ म्हणायचं आणि मग तीन दिवस अबोला धरायचा. तुमच्या ओळखीचं असेल हे.

या हात काढण्याला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात कितीतरी ब्रिटिश तरुण शत्रू पाहण्याआधी, शिकता शिकताच मेले. अनेक शिक्षक विद्यार्थ्याच्या हाती विमान द्यायलाच घाबरत. १९१७ मध्ये गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी पद्धत उलटी केली. विद्यार्थ्याला संकटापासून लांब ठेवायचं नाही, शिक्षक सोबत असतानाच त्याला संकटात न्यायचं. विमान गिरक्या घेत खाली जाऊ लागलं की त्यातून कसं निघायचं, हे त्याच्याच हातांना शिकवायचं. आज जगभर विमान शिकवतात ते बरंचसं याच वळणानं.

आणि एका टप्प्यावर शिक्षकाला उतरावंच लागतं. ब्रिटनमध्ये खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४५ तास उड्डाण लागतं, आणि त्यातले किमान १० तास एकट्यानं. कितीही चांगला शिक्षक शेजारी बसला तरी हे १० तास तो भरून देऊ शकत नाही. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. बारामतीला किंवा गोंदियाला शिकणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांना हे आकडे पाठ असतात. पैशांमुळेही, आणि त्या एकट्या तासांमुळेही.

माझ्या हाती दांडी होती तेव्हा खाली एम११ दिसत होता. धावपट्टीच्या टोकाला लागूनच तो जातो. गाड्या मुंग्यांसारख्या ओळीनं चालल्या होत्या. त्यांच्यातल्या कुणालाही माझा धडा चालू असल्याचं माहीत नव्हतं.

२२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमधल्याच शोरम इथे एका प्रदर्शनात १९५५ साली बांधलेलं हंटर जातीचं जेट कोलांटी घेताना पुरेसं वर आलं नाही आणि शेजारच्या रस्त्यावर कोसळलं. ११ जण गेले. वैमानिक वाचला. मेलेले सगळे जमिनीवर होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा प्रदर्शनांचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. मी तंबोऱ्याचं उदाहरण दिलं, पण तंबोरा कुणाच्या अंगावर पडत नाही.

म्हणून माझं मत असं झालं आहे. मी माहिती घेऊन, सही करून टायगर मॉथमध्ये बसते तेव्हा धोका माझा आणि शिक्षकांचा असतो. तो पत्करायचा आम्हाला हक्क आहे. रस्त्यावरच्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. त्याच्या डोक्यावरून वारशाच्या नावानं कोलांट्या मारायचा हक्क कुणालाच नाही, विमान कितीही सुंदर असो. आणि एखाद्या जातीचं शेवटचं मूळ विमान उरलं असेल, तर ते खाली ठेवावं. पुढे जन्मणाऱ्यांनाही कुणी विचारलेलं नाही. दोन असतील तर एक उडवावं, म्हणजे शिवणारे हात राहतील.

हा नियम मला विमानांसाठी पुरतो. माणसांना लावला की तो मोडतो. कारण प्रत्येक माणूस शेवटचाच असतो, दुसरी प्रत नाही. त्या न्यायानं कुठल्याच आईनं कुठलंच मूल दाराबाहेर सोडायला नको.

उडायला जाण्याआधी मी आईला फोन केला होता. ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, “किती जुनं आहे गं ते?” सांगितल्यावर पुन्हा गप्प. “बरं. जपून जा. उतरल्यावर फोन कर.” तिनं ‘जाऊ नकोस’ म्हटलं नाही. तिच्या ‘जपून जा’मध्ये भीती सगळी ‘जपून’मध्ये होती आणि निर्णय ‘जा’मध्ये होता, आणि तो तिनं माझा मानला.

फरक इथे आहे असं मला वाटतं. विमान कुणाच्या तरी मालकीचं असतं, त्याला स्वतःला कुठे जायचं नसतं, म्हणून ते ठेवायचं की उडवायचं हे आपण ठरवू शकतो, ठरवायलाच हवं. माणूस आपला असतो, पण मालकीचा नसतो. त्याला जपायचं म्हणजे गिरकीतून बाहेर कसं पडायचं हे सोबत असताना शिकवायचं, रस्त्यावरच्या परक्या माणसाचं भान द्यायचं, आणि वेळ आली की आपण उतरून गवतावर उभं राहायचं. उभं राहणाऱ्याला ते सोपं जात नाही. पण ते १० तास दुसऱ्या कुणाला भरता येत नाहीत.