इंचभर मोकळीक

ढिलेपणाला मराठीत कोणी चांगलं म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कारभार ढिला, हात सैल, जीभ सैल, डोक्याचा स्क्रू ढिला. सगळ्या शिव्याच! लहानपणी चड्डीची नाडी ढिली असली काय आणि मोठेपणी हापिसातली शिस्त ढिली असली काय, चारचौघांत परिणाम एकच, असं आम्हांला शिकवलेलं. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला एखादा मिस्त्री 'थोडं ढिलं ठेवा लागते' असं सांगू लागला, की तो आधी मिस्त्रीकडे आणि मग त्याच्या बिलाकडे संशयानं बघणारच.

हा मिस्त्री मला कुऱ्ह्याहून कौंडण्यपूरला जाणाऱ्या रस्त्यावर भेटला. आमच्या बँकेनं कर्ज दिलेला एक जुना ट्रक बघायला मी साहेबांबरोबर गेलो होतो. तिथं ट्रक, कर्ज आणि कर्जदार तिघंही बसलेले होते. पैकी कर्जदार तेवढा लिंबाखाली. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही, वर जळका वास. मिस्त्री गाडीखाली आडवा पडून एका दांड्यावरचं नट फिरवत होता.

"क्लच घट्ट करताय का?" मी विचारलं. गाडी पकड घेत नाही म्हणजे काहीतरी घट्ट करायला हवं, हे कॉमर्सच्या पदवीधरालाही कळतं.

"घट्ट नाही साहेब, ढिला करून राह्यलो," खालून आवाज आला. "पायडलले थोडा प्ले ठेवा लागते. नाही ठेवला त प्लेट जळते. लय ठेवला त गेर पडत नाही."

मग त्यानं सगळी कथाच सांगितली. क्लचचं पेडल दाबलं, की पहिल्या इंच-दीड इंचात काहीच होत नाही. ती मोकळी जागा म्हणजे प्ले. ती संपली, की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना जाऊन टेकतं, स्प्रिंगांचा जोर मागं सरतो आणि क्लच प्लेट इंजिनापासून सुटते. हा इंच नसेल, तर बेअरिंग कायम टेकलेलं राहतं. म्हणजे कोणी पाय न ठेवताच क्लच थोडा दाबलेला. मग प्लेट धड धरत नाही, धड सोडत नाही. घसरते, तापते आणि जळते. उलट हा इंच चार इंच झाला, तर पेडल तळाला टेकलं तरी प्लेट सुटत नाही आणि गिअर खडखडाट करतो. यात मौजेची गोष्ट अशी, की प्लेट झिजत गेली म्हणजे प्ले वाढत नाही, कमी होतो. जुन्या दांडीवाल्या गाड्यांना म्हणून अधूनमधून नट फिरवून तो परत द्यावा लागतो.

टेल्कोनं जमशेदपूरला १९५४ साली मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं ट्रक काढायला सुरुवात केली. जर्मन माणूस म्हणजे शिस्तीचा पुतळा, अशी आपली समजूत. त्यानंसुद्धा पायाखाली इंचभर काहीच न घडणारी जागा मुद्दाम राखून ठेवली! आपल्याकडे ती कोणी ऑडिटरनं पाहिली असती, तर 'अनुत्पादक जागा' असा शेरा मारून बंद केली असती.

आणि हे ज्ञान मिळालं तेही कौंडण्यपुराच्या वाटेवर. वर्धेच्या काठचं हे गाव म्हणजे रुक्मिणीचं माहेर. इथून तिची पालखी दर आषाढीला पायी पंढरपूरला जाते. २०२१ साली करोनामुळे मानाच्या दहा पालख्या एसटीनं गेल्या, त्यांत ही होती. म्हणजे नियमाला इंचभर मोकळीक विठोबाच्या दारीही मिळाली. पण मला आठवला तो शिशुपाल. याच गावी तो नवरदेव म्हणून आला आणि नवरीवाचून परत गेला. त्याच्या आईला, म्हणजे स्वतःच्या आत्याला, श्रीकृष्णानं शब्द दिला होता, की याचे शंभर अपराध पोटात घालीन. शंभर! मोजून ठेवलेला इतका नेमका प्ले दुसरीकडे सापडणार नाही. शंभर संपेपर्यंत चक्र हललं नाही, आणि संपल्यावर थांबलं नाही. क्षमा आणि ढिसाळपणा यांत फरक एवढाच, की क्षमेला माप असतं.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट ठीक आहे, पण माणसांच्या व्यवहारात हे माप ठरवायचं कोणी? प्रश्न खरा आहे आणि मला तो दर नोव्हेंबरात काउंटरवर भेटतो. पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. एखाद्या आजोबांचा हात थरथरत असतो. तीस वर्षांपूर्वीची नमुना सही म्हणजे लपेटदार मोराचा पिसारा आणि आजची म्हणजे पावसात भिजलेली कोंबडी. 'सही जुळत नाही' म्हणून परत पाठवलं, तर नियम शाबूत राहतो आणि म्हातारा औषधावाचून राहतो. 'असू दे' म्हणून कोणतीही सही चालवली, तर उद्या त्याच पैशांवर पुतण्या मोटारसायकल घेतो. पण नियम करणाऱ्यानं तिथं नट ठेवलेलं आहे: सही जमत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घ्यावा, त्यांतला एक बँकेचा जबाबदार माणूस असावा. मोकळीक पेडलमध्ये, पकड प्लेटमध्ये. फक्त ते नट फिरवायला कोणीतरी खुर्चीतून उठावं लागतं.

खरी गोम पुढेच आहे. जगात प्ले कमी आहे असं नाही. तो भलत्यांना मिळतो. गुत्तेदाराचा हप्ता चार महिने थकला तरी साहेब त्याच्यासाठी चहा मागवतात आणि मागल्या वर्षी गारपिटीत संत्रा गेलेल्याच्या दारी नोटीस वेळेच्या आधी पोचते. मोकळीक ओळखीनं मिळू लागली, की तिला मोकळीक म्हणू नये, लाच म्हणावं. फक्त पैसे दिसत नाहीत एवढंच. मिस्त्रीनं ट्रकवाल्याची जात, गाव, पुढारी काही विचारलं नव्हतं. सगळ्यांना इंच-दीड इंच.

शिवाय झीज आहेच. नवा माणूस काउंटरवर बसतो तेव्हा एकच गोष्ट तिसऱ्यांदा हसून सांगतो. वीस वर्षांनी पहिल्याच प्रश्नाला त्याचं बेअरिंग टेकतं. लोकांना वाटतं, माणूस कडक झाला. कडक कसला, झिजलेला असतो.

"हा प्ले मोजता कसा?" मी मिस्त्रीला विचारलं होतं.

"हातानं दाबून. पायाले समजत नाही साहेब, पायात जोर असते."

हे वाक्य मला कुठल्याही प्रवचनात मिळालेलं नाही. ज्याच्या पायात जोर आहे, त्याला समोरच्याची मोकळीक कुठं संपते ते कळतच नाही. तिथं हातच लावून बघावा लागतो. आणि स्वतःचा प्ले तर स्वतःला मुळीच मोजता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी दाबून बघावं लागतं. माझ्यापुरती ही सेवा घरच्या घरी, रोज आणि विनामूल्य उपलब्ध आहे.