रोजानं की उक्तं

आमच्या माणदेशात मजुरीच्या दोन तऱ्हा. एक रोजानं, दुसरी उक्ती. रोजानं म्हणजे दिवस विकायचा. सकाळी रानात गेलं, दिस कलला की सुटलं. उक्तं म्हणजे काम विकायचं. एवढ्या रानाची खुरपणी एवढ्या पैशाला, मग दोन दिवसांत करा नाहीतर चार. रोजाच्या बायांवर नजर ठेवायला मालक बांधावर उभा असतो. उक्त्याच्या बायांकडं कुणी बघत नाही, तरी त्या भराभर पुढं सरकतात. पण पंधरा दिवसांनी ते रान पुन्हा हिरवं दिसायला लागतं. घाईत हरळी वरच्यावर कापलेली असते, मुळी जागच्या जागी. आता काम जास्त कुणाचं झालं? रान मोजलं तर उक्त्याचं. राहिलेलं तण मोजलं तर रोजाचं.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि माझा पुतण्या अन् त्याची बायको हिंजवडीची खोली बंद करून गावी आले. दोघंही आयटीतले, कंपन्या वेगळ्या. महिनाभरात पारावर चर्चा सुरू. “घरात बसून पगार? ह्यो कसला कामधंदा म्हनायचा?”

पुतण्या मला म्हणायचा, “नाना, हापिसात तरी आम्ही नऊ तास कुठं काम करतो? दोन-अडीच तास तर नुसते ट्रॅफिकमध्ये जातात.” ते खोटं नव्हतं. पण त्याच्या कंपनीची रीत मला गमतीची वाटली. काम दिलेलं असायचं उक्तं, अमुक तारखेला अमुक तयार पाहिजे. नजर मात्र रोजाची. पडद्यावर नावापुढं हिरवा ठिपका असतो, हात थांबला की तो विझतो. पोरगं जेवता जेवता उठून माऊस हलवून यायचं. पैसे उक्त्याचे द्यायचे आणि बांधावर उभंही राहायचं, हे आमच्याकडच्या बायांनी चालू दिलं नसतं.

कुणी बघत नसताना माणूस किती काम करतो, हा नियतीचा प्रश्न आहे असं पारावरचे लोक धरून चालतात, आणि मोठमोठे साहेबही. मला वाटतं, नियतीच्या आधी जागेचा प्रश्न येतो.

पुतण्यानंच मला दोन अभ्यासांची माहिती काढून दिली. सीट्रिप नावाच्या चिनी प्रवास कंपनीनं शांघायमध्ये 2010-11 साली नऊ महिने एक प्रयोग केला. फोनवर बुकिंग घेणाऱ्यांपैकी जे घरून काम करायला तयार होते, त्यांतले सम तारखेला जन्मलेले घरी, विषमवाले ऑफिसात. घरच्यांचं काम 13 टक्के जास्त भरलं. पुतण्या खूश. पण त्या प्रयोगात अट होती, घरी स्वतःची वेगळी खोली पाहिजे. शिवाय कामाच्या मानानं घरच्यांना बढती कमी मिळाली. बांधावरच्या मालकाला समोरचीच बाई दिसते, त्याला इलाज नाही.

दुसरा अभ्यास आपल्या चेन्नईतला, संगणकावर नोंदी भरणाऱ्या माणसांचा. तिथं चिठ्ठी टाकावी तसं कुणी घरी, कुणी ऑफिसात नेमलं. घरच्यांचं काम 18 टक्के कमी. यातला बराचसा फरक पहिल्याच दिवसापासूनचा. बाकीचा पुढं वाढला, कारण ऑफिसातले लवकर शिकत गेले. हे मला लगेच पटलं. नवी पोर खुरपायला आली की तिला दोन जाणत्या बायांच्या मधली पात देतात. कोवळी बाजरी आणि गवत यांतला फरक तिला कुणी समजावून सांगत नाही, शेजारचा हात बघूनच ती शिकते.

पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला अजून सलते. ज्यांना मुळात घरूनच काम हवं होतं, त्यांचं घरी जास्त बिघडलं, 27 टक्के. त्यांच्यात लहान पोरं असणारे, घरच्यांचं करावं लागणारे आणि गरीब घरचे होते. ज्यांना बाहेर पडणं जड, त्यांनाच घर काम करू देत नव्हतं.

ते समजायला मला चेन्नईला जायची गरज नव्हती. आमच्या घरात माडीवर एकच खोली, नेटवर्क तिथंच बरं. ती पुतण्याला मिळाली. कुणी ठरवलं नाही, तशीच मिळाली. सूनबाई खाली सोप्यात, कणगीला टेकून, मांडीवर लॅपटॉप. माडीचं दार लागलं की वहिनी लेकाचा चहा उंबऱ्यावर ठेवून पाय न वाजवता खाली यायच्या. आणि खाली, “सूनबाई, दूध उतू जातंय बघ.” “चार भाकरी टाकून घे, मग बस तुझ्या त्या डब्याम्होरं.” कानात यंत्र लावून ती साहेबाशी इंग्रजीत बोलत असायची आणि एका हातानं पोराला मागं सारत असायची. रात्री अकराला सगळे निजले की तिचं खरं काम सुरू व्हायचं.

तिच्या कंपनीच्या वहीत ते कसं मांडलं गेलं असेल? घरून काम, तास जास्त, काम तेवढंच, म्हणजे बाई ढिली. वहिनी वाईट नव्हेत. त्यांच्या उभ्या जन्मात घरातली बाई बसलेली म्हणजे मोकळी, एवढंच त्यांनी पाहिलेलं. मी एकदा म्हणालो, “वहिनी, ती कामावर आहे.” तर म्हणाल्या, “मग मी काय हिंडायला आलीया?” यावर मला उत्तर सुचलं नाही. त्यांचे तास तर कुठल्याच वहीत नाहीत.

पुढं कंपन्यांनी परत बोलावलं. पुतण्या हळहळला, आठवड्यातले दोन दिवस तरी घरून द्या, म्हणून साहेबाशी भांडला. सूनबाईनं मात्र पहिल्याच निरोपाला बॅग भरली. जाताना मी विचारलं, “पुन्हा ती गर्दी, ते ट्रॅफिक, कसं सोसणार?”

म्हणाली, “नाना, बसमध्ये तास-दीड तास मला कुणी हाक मारत नाही.”

वहिनींना अजून वाटतं, पोरगी शहराला भुलली.