खंदकात कोण उतरते?



अमेरिकेतील आमच्या गावात सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा विस्तार चालू आहे. नव्या टाक्यांसाठी जमिनीखालून पाइप टाकत आहेत. ऑफिसला जाताना खोल चर दिसतो. त्यात माती अडवून धरणारी पोलादी पेटी असते आणि तिच्या आत कामगार पाइप जोडत असतात. इथे 5 फूट वा अधिक खोल चरात, तो अखंड खडकात नसेल तर, अशा आधाराशिवाय कामगार उतरवता येत नाही. चर रोज तपासावा लागतो आणि पाऊस पडला की पुन्हा. जुन्या गटाराला जोडणी करताना आधी वायू मोजतात, कारण हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते.

तरीही 2022 मध्ये या देशात चर कोसळून 39 माणसे गेली. नियम पाळला नाही तर माती कोणालाच सोडत नाही.

आपल्याकडे 1993 आणि 2013 असे दोन कायदे झाले. गटारात मेलेल्या माणसाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख ठरवली. रक्कम वाढली, पण माणसे उतरायची थांबली नाहीत. मी इंजिनिअर आहे. पंखा, दोर आणि वायुमापक यांत अवघड काही नाही. अवघड आहे ते उतरणारा आपल्यासारखाच माणूस आहे हे मानणे. जातीने नुसती कामे नाही, माणसेच वाटून टाकली, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे.

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेप्टिक टँक साफ करण्याचे दर आले. सगळ्यात कमी दराला मी इथून अंगठा दाखवला. आत मशीन जाणार की माणूस, हे विचारले नाही. नंतर विचारले, तेव्हा कळले की माणूस उतरला होता. तो सुखरूप वर आला, यात माझे श्रेय काहीच नाही.

धम्मात कर्म म्हणजे चेतना. मग ‘माझा तसा हेतू नव्हता’ एवढे म्हणून मी सुटतो का? मला वाटते, नाही. धोका ठाऊक असताना न विचारणे हीसुद्धा निवडच आहे आणि ती मी केली. ‘पाणातिपाता वेरमणी’ मी दर रविवारी म्हणतो. त्या शीलात हा प्रश्न विचारणेही येते.

तुमचाही भारतात फ्लॅट असेल, तर आजच एक फोन करा. विचारा, आपल्या टाकीत कोण उतरते?

जयभीम, नमो बुद्धाय.