प्रेक्षकाचा वाटा

स्वतःच्या शरीराचे काय करावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असे आजचा समाज मानतो. हे विधान खोडून काढणे कठीण आहे आणि ते जसेच्या तसे स्वीकारणे त्याहूनही कठीण. एखादा मनुष्य धन, कीर्ती किंवा निव्वळ खेळाची ओढ यांपायी आपले शरीर झिजवू लागला आणि हजारो लोक टाळ्या वाजवीत ते पाहू लागले, तर त्या झिजण्याचा जाब कोणाला विचारायचा? त्याला एकट्याला, की टाळ्या वाजविणाऱ्यांनाही? अमेरिकेतील माइक वेबस्टर या फुटबॉलपटूच्या जीवनाकडे पाहिल्यावर हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायाने चेंडू टोलविणारे खेळाडू येतात. अमेरिकन फुटबॉल हा सर्वस्वी वेगळा खेळ आहे. त्यातील चेंडू लांबट असतो आणि तो बहुतांशी हातांनीच खेळला जातो. अकरा-अकरा धिप्पाड पुरुष शिरस्त्राणे आणि खांद्यांवर जाड गाद्या घालून समोरासमोर उभे राहतात आणि प्रत्येक डावाच्या आरंभी एकमेकांवर आदळतात. या रांगेच्या मधोमध ‘सेंटर’ वाकून उभा असतो. दोन पायांमधून मागे उभ्या असलेल्या ‘क्वार्टरबॅक’च्या हाती चेंडू द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेऊन अडवायचे, हे त्याचे काम. चेंडू घेऊन धावणाऱ्याला टाळ्या मिळतात, सेंटरला धडका मिळतात. खेळ चालतो मात्र त्याच्या जोरावर.

वेबस्टरचा जन्म १९५२ सालचा, विस्कॉन्सिन राज्यातला. बालपण बटाट्याच्या शेतीवर गेले. राज्याच्या विद्यापीठातून खेळून तो १९७४ मध्ये पिट्सबर्ग शहराच्या ‘स्टीलर्स’ संघात दाखल झाला. पिट्सबर्ग हे पोलादाच्या भट्ट्यांचे शहर. त्या दशकाच्या अखेरीस भट्ट्या विझू लागल्या, हजारो कामगारांच्या हातचे काम गेले. पण त्यांचा संघ मात्र जिंकत होता. १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत स्टीलर्सने चार वेळा सर्वोच्च विजेतेपद पटकावले. कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी मैदानात उतरणारा, दुखापतीची पर्वा न करणारा वेबस्टर त्या कामगारांना आपल्यातलाच एक वाटे. लोक त्याला ‘आयर्न माइक’ म्हणत. पंधरा हंगाम पिट्सबर्गमध्ये आणि दोन कॅन्सस सिटीमध्ये, असे सतरा हंगाम तो खेळला. सामन्यांची संख्या २४५ भरते. या सामन्यांबरोबरच सरावातल्या धडकाही आल्या. त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

१९९० च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला आणि जणू दुसराच मनुष्य होऊन जगू लागला. स्मरणशक्ती दगा देऊ लागली. बोलता बोलता विचारांचा धागा तुटे. अंगातील वेदना थांबेना, झोप येईना. झोप यावी म्हणून तो विजेचा धक्का देणाऱ्या उपकरणाने स्वतःला बेशुद्ध करून घेई. घर मोडले, पैसा गेला. कित्येक रात्री त्याने आपल्या मोटारीत काढल्या. १९९७ मध्ये ओहायोतील कँटन येथे त्याचा समावेश या खेळातील थोरांच्या दालनात करण्यात आला. जुना सहकारी टेरी ब्रॅडशॉ याने त्याचा परिचय करून दिला आणि जुन्या दिवसांची आठवण म्हणून व्यासपीठावरच वेबस्टरने वाकून त्याच्या हाती पुन्हा एकदा चेंडू दिला. लोक आनंदाने हसले. नंतर वेबस्टर बोलायला उभा राहिला तो ठरलेल्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक बोलत राहिला. भाषण भरकटत गेले. सन्मान होत असलेला मनुष्य आणि सन्मानाला कारण झालेला मनुष्य हे एक राहिले नव्हते. २४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

त्याच्या शवविच्छेदनाचे काम बेनेट ओमालू या तिशीतल्या डॉक्टरकडे आले. ओमालू मूळचा नायजेरियाचा, तेथील यादवी युद्धाच्या काळात जन्मलेला श्रद्धाळू कॅथलिक. त्याला हा खेळ ठाऊक नव्हता, खेळाडूचे वलयही ठाऊक नव्हते. मृतांनाही प्रतिष्ठा असते आणि त्यांच्या मरणाचे खरे कारण शोधणे हे त्यांचे आपण लागत असलेले देणे आहे, अशी त्याची धारणा. काम करताना तो मृतांशी मनोमन बोलत असे. वेबस्टरचा मेंदू वरवर पाहता निरोगी दिसत होता. दुसरा कोणी असता तर ‘हृदयविकार’ असे लिहून मोकळा झाला असता. ओमालूने मेंदू राखून ठेवला, पदरमोड करून त्याचे पातळ काप तयार करून घेतले आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ‘टाउ’ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या त्याला तेथे आढळल्या. पन्नाशीच्या माणसाच्या मेंदूत त्या असायला नको होत्या. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला होणारी अशा प्रकारची इजा वैद्यकशास्त्राला १९२८ पासून परिचित होती. फुटबॉलपटूच्या मेंदूत मात्र ती कोणी शोधलीच नव्हती. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही. पण कवटीच्या आत द्रवात तरंगणारा मऊ मेंदू हिंदकळतो, त्याला ते काय करणार? ज्या धडकेने भोवळही येत नाही, तीसुद्धा आपली खूण मागे ठेवून जाते.

ओमालू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा शोध २००५ मध्ये प्रसिद्ध केला. नॅशनल फुटबॉल लीगने नेमलेल्या समितीतील डॉक्टरांनी तो निबंध मागे घेण्याची मागणी केली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. खेळाडूंना निवृत्तिवेतन देणाऱ्या मंडळाने १९९९ मध्येच वेबस्टरला संपूर्ण आणि कायमचे अपंगत्व आल्याचे मान्य केले होते आणि त्याचे कारण म्हणून खेळताना डोक्याला झालेल्या दुखापतींकडे बोट दाखविले होते. एका दारात भरपाई आणि दुसऱ्या दारात इन्कार! ती भरपाईदेखील कमी प्रतीची होती. तिच्यासाठी वारसांना न्यायालयात जावे लागले आणि अखेरचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो २००६ मध्ये, वेबस्टरच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. खेळ आणि हा विकार यांचा संबंध लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे मान्य केला तो मार्च २०१६ मध्ये. तोवर हजारो माजी खेळाडूंनी दावे दाखल केले होते. २०१५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘त्यांना कोणी बळजबरी केली होती का?’ असे पुष्कळजण विचारतात. खेळाडू सज्ञान होते, त्यांनी करार केले, पैसे घेतले. खाणकामगार, मच्छीमार, अग्निशामक दलाचा जवान, हेही जीव धोक्यात घालतातच ना?

घालतात. पण जोखीम आणि किंमत यांत भेद करावयास हवा. होडी समुद्रात जाते ती बुडण्यासाठी नव्हे. ती बुडाली तर तो अपघात. आग विझविणारा भाजतो तेव्हा त्याचे भाजणे हा आग विझविण्याचा भाग नसतो. सेंटरच्या डोक्याला बसणारी धडक मात्र अपघात नाही. तो खेळच आहे. धडक वगळली तर त्या रांगेत उभे राहण्याचे कामच उरत नाही. सेमिनरीत आम्हाला द्विपरिणामाचे तत्त्व शिकविले जाई: चांगल्या कृतीचा वाईट परिणाम हेतूबाहेर असावा आणि तो वाईट परिणामच चांगल्याचे साधन होता कामा नये. वेबस्टरच्या बाबतीत हे तत्त्व ताणून ताणूनही पुरत नाही.

शिवाय संमती दिली कोणी? करारावर सही करणारा बावीस वर्षांचा तरुण होता. मोल चुकते केले ते पंचेचाळीस वर्षांच्या, स्वतःची वाक्ये पूर्ण करू न शकणाऱ्या एका माणसाने. पाय मोडला तर ज्याने धोका पत्करला तोच लंगडतो आणि आपण काय गमावले हे त्याला कळते. मेंदूचे तसे नाही. ज्याने होकार दिला आणि ज्याला पश्चात्तापाचा अधिकार होता, तो स्वतःच नाहीसा होतो. शिवाय हा विकार जिवंत माणसाच्या मेंदूत निश्चितपणे ओळखण्याची सोय आजही नाही. खात्री मृत्यूनंतरच्या तपासणीनेच होते. २०१७ साली अमेरिकेत या लीगच्या १११ मृत खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांपैकी ११० मेंदूंत तो आढळला. (हे मेंदू बहुधा लक्षणे दिसलेल्यांचेच होते, हे विसरू नये, सर्व खेळाडूंना हेच प्रमाण लावणे अन्यायाचे होईल.) संत पौलाने शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले ते आपण उपदेशात नेहमी ऐकतो. मंदिराचा पुजारी म्हणजे मालक नव्हे, हा त्यातील अर्थ सहसा आपल्या लक्षात येत नाही.

याचा अर्थ ख्रिस्तसभा खेळाच्या विरोधात आहे असा मुळीच नाही. त्याच संत पौलाने शर्यत आणि मुष्टियुद्ध यांचे दाखले श्रद्धाजीवनासाठी वापरले आहेत. पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी गोलरक्षक होते. स्टीलर्सचे संस्थापक आर्ट रूनी हे तर नित्यनेमाने पवित्र मिस्सेला जाणारे सद्गृहस्थ होते. या गोष्टीत दुष्ट मनुष्य शोधू गेल्यास आरंभीच्या वर्षांत तो सापडत नाही, आणि मला वाटते, याच कारणाने ती अधिक अस्वस्थ करते. खेळाडू खेळत होते, मालक संघ चालवीत होते, बेकार झालेले कामगार रविवारी दोन घटका दुःख विसरत होते.

रोमच्या आखाड्यातही सगळेच गुलाम नव्हते. काही स्वतंत्र नागरिक करार करून, शपथ घेऊन तेथे उतरत. स्वखुशीचा युक्तिवाद तेव्हाही उपलब्ध होता. संत अगस्तीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथाच्या सहाव्या भागात अलिपियस या मित्राची हकिकत सांगितली आहे. कायद्याच्या शिक्षणासाठी रोमला आलेल्या अलिपियसला त्या खेळांचा तिटकारा होता. सोबत्यांनी त्याला ओढत आखाड्यात नेले. मी येथे असूनही नसेन, असे म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. एक योद्धा कोसळला, लोकांनी आरोळी ठोकली आणि कुतूहलाने अलिपियसचे डोळे उघडले. त्यानंतर त्याला ते मिटावेसे वाटले नाहीत. अगस्तीन यांना खाली पडलेल्या योद्ध्यापेक्षा वर बसलेल्या आपल्या मित्राची जखम अधिक खोल वाटली. मारणाऱ्याचा व मरणाऱ्याचा विचार सगळेच करतात. पाहणाऱ्याचा विचार त्यांनी केला.

पाहणाऱ्याचा वाटा किती? नैतिक ईशज्ञान येथे दूरस्थ सहकार्याची भाषा वापरील. साठ हजारांतील एक आसन, दूरचित्रवाणीच्या कोट्यवधी प्रेक्षकांतील एक घर, म्हणजे वाटा राईएवढाच. मला तो शून्य मानता येत नाही. कारण खेळाडूंचे वेतन, मैदाने, जाहिराती हे सारे त्या राईंच्या ढिगावर उभे आहे. १९७५ साली वेबस्टरला दाद देणारा पिट्सबर्गचा कामगार निर्दोष होता, कारण त्याला काही ठाऊक नव्हते. आजचा प्रेक्षक जाणतो. त्याने सामना पाहूच नये असे फर्मान मी काढणार नाही. मात्र ‘त्यांची स्वखुशी’ हे त्याचे उत्तर मला अपुरे वाटते. जाणल्यानंतर त्याने खेळाच्या नियमांत बदल मागावेत, लहान मुलांना या धडकांपासून दूर ठेवावे आणि जे मोडले त्यांच्या औषधपाण्याची चौकशी करावी, एवढे तरी त्याच्याकडे निघते.

काही खेळाडूंनी जाणले आणि आपला निर्णय घेतला. वेबस्टरच्याच विद्यापीठातून आलेला ख्रिस बोरलँड २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातून उत्तम खेळला आणि एका हंगामानंतर, मार्च २०१५ मध्ये, चोविसाव्या वर्षी मेंदूच्या भीतीने निवृत्त झाला. करारापोटी आगाऊ मिळालेल्या रकमेचा मोठा भाग त्याने परत केला. अशी माणसे थोडी. बहुतेकांची स्वखुशी खेळानेच घडविलेली असते, कोवळ्या वयापासून.

२ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे बफेलो संघाचा डॅमार हॅम्लिन, चोवीस वर्षांचा, एका धडकेनंतर उभा राहिला आणि लगेच कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. मैदानावरच छाती दाबून त्याला जगविण्यात आले. दोन्ही संघांचे खेळाडू गुडघे टेकून रडले, सारे प्रेक्षागृह निःशब्द झाले आणि तो सामना पुन्हा खेळला गेला नाही. हृदय एका क्षणात थांबले म्हणून खेळ थांबला. वेबस्टरचा मेंदू सतरा वर्षे कणाकणाने विझत होता, तेव्हा एकही सामना थांबला नव्हता. हॅम्लिन सुदैवाने बरा झाला, पुढल्या हंगामात खेळलाही. रुग्णालयात शुद्धीवर आला तेव्हा घशात नळी असल्याने त्याला बोलता येत नव्हते. त्याने कागदावर लिहून पहिला प्रश्न विचारला: आपण जिंकलो का?