पाठीचे कोण विचारणार?

‘हृदयाचे पंपिंग कमी आहे’ असे इकोच्या रिपोर्टवरून कळले की घरात मीठ मोजले जाते, पाणी मोजले जाते, रोज सकाळी वजन होते. पाठीचे मात्र कोणी विचारत नाही. आडवे झाले की दम लागतो, म्हणून उशांना टेकून रात्र काढायची. त्यात निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत जन्मभर वाकलेली कंबर. दुखणारच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केलेल्या. मग मणका ‘बसवून’ देणाऱ्याकडे पाय वळले, तर त्या माणसाला अडाणी म्हणणे मला जमत नाही.

माझा राग वेगळा आहे. हाताने मणके सरकवण्याची कायरोप्रॅक्टिक पद्धत १८९५ साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केली. पहिला रुग्ण बहिरेपणाचा. पाठोपाठ, मणका जागेवर आणून हृदयाचे दुखणेही बरे केल्याचे पामर यांनीच लिहून ठेवले. म्हणजे हृदयावरचा दावा अगदी पाळण्यातला! सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी मणका दाबून थकलेले हृदय सुधारते याला भरवशाचा पुरावा नाही. कंबरेला थोडा आराम पडतो, ते खरे.

आराम देणारा माणूस प्रामाणिकही असेल. पण ‘हार्टचे पेशंट आहेत’ हे ऐकूनही तो पालथे झोपवतो? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारत नाही? मानेला झटका दिल्यावर क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, हे सांगत नाही? आणि ‘गोळ्या हळूहळू कमी करू’ हे वाक्य तर माझ्या लेखी गुन्ह्याच्या जवळचे. औषधे व जादुई उपायांच्या १९५४ च्या कायद्यात, ज्यांवरच्या इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्या आजारांच्या यादीत हृदयरोग आहे. पण तो कायदा जाहिरातींचा, टेबलाशी पुटपुटलेल्या शब्दांचा नव्हे.

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट, दोघांच्याही पदव्या देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. तरी इकोचा कागद एकाकडे, एक्स-रे दुसऱ्याकडे, आणि दोन्ही पिशव्या घेऊन फिरणारी सूनबाई मधे. हृदयाच्या रुग्णाला बेताने चालवणारे, उठबस करवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, आणि त्या व्यायामाला पुरावाही आहे. चिठ्ठीवर तेवढी एक ओळ का नाही, हे पुढच्या तपासणीला सूनबाईंनी खुशाल विचारावे. मणका बसवून घेतला असेल तर तेही तिथेच सांगावे. डॉक्टर रागावले तरी चालेल.